मालक हजर नसताना

फोन वाजला तेव्हा किल्लीवाला एका परक्या दारासमोर गुडघ्यावर बसला होता. दोन्ही हात कुलपात गुंतलेले. दार ओढलं गेलं आणि घरातल्या बाई बाहेर राहिल्या. आत गॅसवर दूध ठेवलेलं. बाई अनवाणी, एकदा दाराकडे, एकदा त्याच्या हातांकडे बघत होत्या.

"तुमचा फोन वाजतोय हो," त्या म्हणाल्या.

"वाजू द्या. आता हात काढला तर पहिल्यापासून सुरुवात."

"घरचा असेल."

"घरचा असेल तर परत येईल. घरची माणसं गिऱ्हाइकासारखी नसतात, सहजासहजी सोडत नाहीत."

बाईंना त्या धांदलीतही हसू आलं. फोन थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. मग दार उघडलं, बाई आत धावल्या, दूध ओट्यावरून खाली वाहत होतं. किल्लीवाल्याने हात पुसले आणि फोन कानाला लावला. पलीकडे इमारतीचा कारभार बघणारे गृहस्थ होते. ऊठसूट जिन्यात सूचना चिकटवायचे म्हणून सगळी इमारत त्यांना मागून नोटीसकाका म्हणायची. एरवी पाण्याच्या टाकीबद्दलही पाऊण तास बोलणारे नोटीसकाका त्या दिवशी एवढंच म्हणाले, "असाल तसे या."

किल्लीवाल्याची बायको जिन्याच्या शेवटच्या वळणावर पडली होती. तळमजल्यावरचा डॉक्टर दवाखाना टाकून धावत आला होता, पण करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पहिल्याच रिंगला फोन घेतला असता तरी फरक पडला नसता, असं डॉक्टरने त्याला सांगितलं. नंतर मेहुणीने सांगितलं, मुलीने सांगितलं, आणि कुणी सांगायला नसलं की तो स्वतःच स्वतःला सांगायचा.

तिच्या मुठीत गाडीची किल्ली होती. नोटीसकाकांनी ती त्याच्या हातात दिली आणि विचारलं, "कुठे निघाल्या होत्या?"

"मला काय ठाऊक," तो म्हणाला.

बोलून गेला, आणि मग ते त्याचं त्यालाच लागलं. खरंच, त्याला ठाऊक नव्हतं. नंतर जो येई तो हेच विचारी. माणूस गेलं की लोकांना शेवटचं काय खाल्लं, शेवटचं काय बोललं, कुठे निघालं होतं, सगळं हवं असतं. त्यात वाईट काही नाही, बोलायला काहीतरी लागतंच. किल्लीवाला पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं द्यायचा आणि तिसऱ्याला गप्प बसायचा.

गाडी तिची होती. शाळेच्या कचेरीत ती आयुष्यभर कारकुनी करत आली, आणि निवृत्त झाल्यावर एक दिवस गाडी घेऊनच दारात उभी राहिली. जुनी, लहान, निळी, पण बटण दाबून सुरू होणारी. तोवर तिने गाडी शिकायला नाव घातलंय हेसुद्धा त्याला माहीत नव्हतं. "अहो, तुम्ही सायकल सोडणार नाही आणि मला सायकलवर मागे बसवत नाही," ती म्हणाली, "मग मी काय करू, दुकानाच्या पायरीवर बसून म्हातारी होऊ?" दुपारी तो दुकानात असायचा, ती गाडी काढायची. कुठे होतीस विचारलं तर म्हणायची, "जरा चक्कर मारून आले." त्यानेही कधी खोदून विचारलं नाही. आयुष्यभर लोकांच्या बंद दारांसमोर बसलेल्या माणसाला घरी आल्यावर आणखी एक दार ठोठावावंसं वाटत नाही, हे त्याचं म्हणणं. तिने कधी तक्रार केली नाही, त्यामुळे ते म्हणणं बरोबर आहे असं तो धरून चालला.

मुलगी दूरच्या शहरातून आली, राहिली, कपाट आवरलं, आणि तिची रजा संपल्यावर गेली. मेहुणी साड्या घेऊन गेली. घर मोकळं झालं. तो भाजी करायचा ती दोघांची व्हायची. कमी करायला गेलं तर तळाला लागायची. उरलेली तो सकाळी खायचा.

संध्याकाळी दुकान बंद करून आला की तो बाल्कनीत उभा राहायचा आणि गाडीच्या किल्लीवरचं बटण दाबायचा. खाली कोपऱ्यात गाडी टुक् करायची आणि दोन्ही डोळे मिचकावायची. उघडली. पुन्हा दाबलं की पुन्हा टुक्. बंद झाली. एवढं करून तो आत यायचा. खाली जाऊन दार ओढलं असतं तर गाडी उघडली असती, पण तो गेला नाही. दार तिने लावलं होतं. उघडलं की ती गोष्ट संपली, आणि आत काहीच निघालं नाही तर तिसऱ्या प्रश्नाला कायमचं उत्तर नाही. बंद असेतो निदान आत काहीतरी असेल एवढं तरी होतं.

मग एका संध्याकाळी बटण दाबलं आणि गाडी गप्प राहिली. त्याने हात बाहेर काढून दाबलं, अंगठा पांढरा पडेपर्यंत दाबलं. जिना उतरून काचेला टेकवून दाबलं. गाडीची बॅटरी संपली होती. इतके महिने उभी, आणि रोज त्याने मारलेल्या त्या हाका. वर येऊन तो स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसला. तिला जाऊन बरेच दिवस झाले होते, पण उत्तर यायचं बंद झालं ते त्या संध्याकाळी, असं त्याला वाटलं.

तेही त्याने तसंच चालवलं असतं. पण नोटीसकाकांनी जिन्यात सूचना चिकटवली. कोपऱ्याखालून जाणारी सांडपाण्याची नळी फुटली होती, खोदकाम करायचं होतं, सोमवारपर्यंत गाडी हलवावी, अन्यथा क्रेन लावून उचलण्यात येईल. सूचनेवर नाव नव्हतं. त्या कोपऱ्यात दुसरी गाडीच नव्हती.

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून नाव नाही घातलं," नोटीसकाका म्हणाले.

"बरं झालं. मला वाटलं दुसऱ्या कुणाला आहे."

"क्रेनवाले काच फोडतात हो, ब्रेक सोडायला. मी म्हटलं, आपल्या इमारतीत किल्लीवाला असताना काच कशाला फोडायची? बाहेर कळलं तर लोक हसतील आपल्याला."

लोकांनी हसण्यासारखी गोष्ट वेगळीच होती आणि ती नोटीसकाकांना माहीत नव्हती. अशा गाडीच्या किल्लीच्या पोटात एक लहानशी लोखंडी किल्ली लपवलेली असते. बॅटरी गेली, बटण चालेनासं झालं, की ती काढून दार उघडायचं. गाडीबरोबर आलेली किल्ली बायकोच्या हातून बादलीत पडली तेव्हा त्याने नवी करून दिली होती. बटण जुळवलं, गाडी सुरू झाली, ती खूश. पोटातल्या लोखंडी किल्लीला दाते पाडायचे राहिले. रविवारी पाडतो म्हणाला. बटण चालत होतं, त्यामुळे कुणाला घाई नव्हती. गावभर लोकांना किल्ल्या करून देणाऱ्याच्या घरी कोरी पट्टी पडून होती. बायको कधी कधी ती बाहेर काढून पाहुण्यांना दाखवायची. "बघा, आमच्या ह्यांच्या हातची कारागिरी. हिने दार उघडत नाही, पण कान छान कोरता येतो."

रविवारी सकाळी तो पिशवी घेऊन खाली उतरला. त्याने बॅटरीवाल्यालाही बोलावून ठेवलं होतं. बॅटरीवाला त्याच्या दुकानाशेजारचा, पोट सुटलेला, सदा कपाळाला काळं लागलेला माणूस. खांद्यावर जाड वायरींचं वेटोळं आणि हातात दुसरी, भरलेली बॅटरी घेऊन आला आणि गाडीभोवती एक फेरी मारून बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला.

"काका, उघडा की."

"काय?"

"बॉनेट. बॅटरी खाली आहे ना."

"बॉनेटचा खटका आत आहे. स्टिअरिंगखाली."

"मग दार उघडा."

"दार बॅटरीवर आहे."

बॅटरीवाल्याने जरा विचार केला. "म्हणजे दार उघडायला बॅटरी पाहिजे, आणि बॅटरीला हात लावायला दार उघडं पाहिजे."

"हो."

"माझ्या सासुरवाडीसारखं झालं. बोलवल्याशिवाय जायचं नाही आणि गेल्याशिवाय बोलवत नाहीत." मग त्याला वाटलं आपण इथे विनोद करायला नको होता. त्याने वायरी खाली ठेवल्या. "चालू द्या तुमचं. मी बसतो."

दाराच्या मुठीवर एक टोपण असतं, त्याखाली किल्लीचं भोक. किल्लीवाल्याने ते उचकटलं. आत पाणी जाऊन सगळं गंजून एक झालं होतं. त्याने तेल सोडलं, तार घातली, वाट पाहिली. तार आत जाई आणि फुकट बाहेर येई. कुलपातला एकेक दाता चाचपावा तर तो जागचा हलेचना. दाते पाडलेली किल्ली असती तरी आज फिरली नसती. या गोष्टीने त्याला उगीच थोडं हलकं वाटलं.

दुसरा रस्ता होता. दाराच्या वरच्या फटीत हवेची चपटी पिशवी सरकवायची, नळीच्या टोकाचा रबरी फुगा दाबून ती फुगवायची, दार बोटभर वाकतं. त्या फटीतून लांब सळई आत घालायची आणि आतली मूठ ओढायची. आतून ओढलं की दार बॅटरीशिवायही उघडतं. हे काम त्याने कितीदा केलं होतं. त्याने पिशवी फटीत बसवली, फुगा हातात घेतला, आणि सवयीने मागे वळून विचारलं,

"उघडू का?"

हा त्याचा नियम होता. खरं तर सासऱ्यांचा. धंदा तो सासऱ्यांच्याच दुकानात शिकला. सासरे म्हणायचे, हातात कला असलेला चोर आणि किल्लीवाला यांत फरक एवढाच, की किल्लीवाल्याच्या शेजारी मालक उभा असतो. मालक समोर हवा, आणि त्याने तोंडाने 'उघडा' म्हटलं पाहिजे. घाई असो, रडारड असो, त्याशिवाय कुलपाला हात नाही. दूध उतू गेलेल्या त्या बाईंनाही त्याने विचारलं होतं आणि त्या ओरडल्या होत्या, "अहो उघडा ना, विचारताय काय!" बायको तर त्या दुकानातच लहानाची मोठी झालेली. घरात तो खिडकीकडे गेला आणि सहज विचारलं, उघडू का, की ती स्वयंपाकघरातून म्हणायची, "उघडा, मालक हजर आहेत."

तो वळून उभा होता. मागे भिंत, पाण्याचा पाइप आणि उलट्या बादलीवर बसलेला बॅटरीवाला.

बॅटरीवाला गोंधळला. "मला विचारताय? मी काय मालक आहे? उघडा की."

किल्लीवाला तसाच उभा राहिला. गाडी तिच्या नावावर होती. तिने कधी म्हटलं नव्हतं की माझ्यामागे उघडा. हे सगळं डोक्यात येऊन गेलं, आणि ते डोक्यातच राहिलेलं बरं, हेही त्याला कळलं. तो पुन्हा दाराकडे वळला. त्याने परत विचारलं नाही. फुगा दाबला.

सळई दोनदा मुठीवरून घसरली आणि दाराच्या आतल्या पत्र्यावर लांब ओरखडा उठला. "असू द्या, रंग देता येतो," बॅटरीवाला म्हणाला. तिसऱ्यांदा मूठ अडकली, ओढली गेली, आणि दार सुटं झालं.

त्याने दार उघडलं. कोंडलेली, गरम, रबराच्या वासाची हवा बाहेर आली. त्यात तिचा काही वास असेल असं त्याला वाटलं होतं. नव्हता. त्याने वाकून खटका ओढला, पुढे बॉनेट टक्कन सुटलं. बॅटरीवाला उठला, वायरी लावल्या, आणि त्याबरोबर गाडीने बोंब ठोकली. कुणीतरी आपल्याला फोडलं आहे हे तिला आत्ता कळलं. भोंगा असा वाजायला लागला की चारी मजल्यांच्या खिडक्या उघडल्या. किल्लीवाला खिशातली किल्ली शोधतोय, ती कोऱ्या रुमालात अडकलेली, बॅटरीवाला ओरडतोय, "काका, बटण, बटण!" दुसऱ्या मजल्यावरच्या आजी, ज्यांना हल्ली गोष्टी लक्षात राहत नाहीत, खिडकीतून वाकून हसल्या आणि म्हणाल्या, "आल्या वाटतं तुमच्या मंडळी!"

त्याने बटण दाबलं. भोंगा थांबला. खिडक्या एकेक करून बंद झाल्या. आजींना आतून कुणीतरी हाताला धरून नेलं.

"गाडी थोडी चार्ज होऊ द्या," बॅटरीवाला हळू आवाजात म्हणाला. "मी जरा चहा पिऊन येतो." त्याला चहा नको होता, हे किल्लीवाल्याला कळलं. याला जरा एकटं बसता यावं म्हणून तो गेला.

चालकाच्या जागेवर बसायचं त्याच्या मनात नव्हतं. ती बुटकी, तिची खुर्ची पुढे ओढलेली, खाली उशी. तो वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेला. ती त्याची जागा. फार वेळा बसला नव्हता, पण बसला की खुर्ची पार मागे ढकलायचा आणि ती म्हणायची, "पसरा पाय, राजे." त्याने दार उघडलं, एक पाय आत घातला, आणि गुडघा पुढच्या कप्प्यावर आपटला.

खुर्ची पुढे होती. तिच्या खुर्चीहूनही पुढे. पाठ सरळ उभी केलेली, कंबरेच्या जागी टॉवेलची घडी. टॉवेल त्यांच्या घरचा होता. कधीपासून दिसत नव्हता. त्यालाही वाटलं होतं, असेल कुठे तरी.

मग त्याला काठी दिसली. खुर्ची आणि दार यांच्यामध्ये आडवी पडलेली. लाकडी, साधी, आखूड. खालचं रबर एका बाजूने झिजून गेलेलं. मुठीला विणलेलं आवरण होतं, करड्या लोकरीचं. ती लोकर त्याने लगेच ओळखली. त्याच्या स्वेटरमधून उरलेली ती लोकर. तिने टाके मोजत ते विणलं असणार, त्याच्याच समोर बसून, आणि त्याने विचारलं नसणार काय विणतेस.

तो तसाच एक पाय बाहेर ठेवून बसला. गुडघे छातीशी आले होते, तरी खुर्ची मागे सरकवावीशी वाटेना. रबर उजव्या कडेला झिजलंय, म्हणजे माणूस त्या बाजूला रेलून चालतो. उंची बेताची. गाडीतून उतरताना काठी विसरला, म्हणजे त्या शेवटच्या चकरेला उतरताना कुणीतरी हात धरला होता. कुणी धरला होता ते त्याला माहीत होतं. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती जिना उतरत होती. काठी परत द्यायलाच निघाली असेल. किंवा रोजच्यासारखी त्या माणसाला कुठेतरी न्यायला. किंवा आणायला. इथवर त्याला जुळवता आलं. पुढे कुणाकडे, कुठे, ते त्या गाडीत कुठेच नव्हतं. त्याने कप्पा पाहिला, मागची सीट पाहिली, चटया उचलून पाहिल्या. पाण्याची बाटली, पुसायचं फडकं, गोळ्यांचे दोन कागद. संपलं.

बॅटरीवाला परत आला तेव्हा किल्लीवाला काठी मांडीवर घेऊन बसला होता.

"काकूंची?"

"नाही."

"मग?"

"तेच."

बॅटरीवाल्याने गाडी सुरू केली आणि मागच्या अंगणात नेऊन लावली. मागे घेताना खुर्ची सरकवावी लागली. त्याचं पोट स्टिअरिंगमध्ये बसेना. "माफ करा काका," तो म्हणाला. किल्लीवाला म्हणाला, "सरकव रे, गाडी आहे."

त्याने मुलीला फोन लावला.

"आई कुणाला गाडीतून न्यायची का गं?"

"कुणाला म्हणजे?"

"काठीवाल्या कुणाला. म्हातारं माणूस."

"नाही बाबा. मला तर म्हणायची चक्कर मारून येते. तुम्हाला काही बोलली नव्हती?"

"नाही."

"बाबा, तुम्ही जेवलात का?"

मेहुणीला विचारलं, तिला माहीत नव्हतं. शाळेच्या कचेरीत जाऊन आला, तिथल्यांना आपली बाई गेल्याचंच नवल होतं, ते पुन्हा पहिल्यापासून हळहळले. तळमजल्यावरच्या डॉक्टरला काठी दाखवली. डॉक्टर म्हणाला, अशा काठ्या शंभर येतात, पण मुठीला लोकर असलेली नाही पाहिली. नोटीसकाकांनी जिन्यात सूचना चिकटवली, 'काठी सापडली आहे', आणि खाली दुकानाचा पत्ता घातला. त्यांच्या सूचना कुणी वाचत नाही, हीही कुणी वाचली नाही.

दुपारी दुकानात तो किल्ल्या घासत बसतो. काठी काउंटरवर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी आडवी ठेवलेली असते. कुणी म्हातारं माणूस सावकाश चालत गेलं की तो मशिन थांबवतो, पायांकडे बघतो, आणि मशिन पुन्हा सुरू करतो. त्या माणसाने दुसरी काठी घेतली असेल. पण त्या दुपारी ते तयार होऊन कुठेतरी बसलं असेल, दुसऱ्या दिवशीही बसलं असेल, आणि मग बाईंना आपला कंटाळा आला असं समजून बसलं असेल, हे किल्लीवाल्याच्या डोक्यातून जात नाही. ती कंटाळणाऱ्यातली नव्हती.

काठी कुणाची ते अजून कळलेलं नाही. बाई गेल्या, हे त्या माणसाला सांगायचं राहिलं आहे.